कळंबच्या दोन कढया

कळंबच्या देवीच्या देवळापुढे त्या मंगळवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. दोन चुलींवर दोन कढया चढल्या होत्या. एकीतलं तेल फसफसून फेस काठापर्यंत आला होता. दुसरीतलं तेल गप्प होतं. फेसाळत्या कढईपुढे कढईबुवा उभे होते. कपाळभर शेंदूर, गळ्यात रुद्राक्षांचं ओझं आणि आवाज डोंगरापलीकडे ऐकू जाईल असा.

"अग्नी माझा सोयरा! तेल माझी आंघोळ!" बुवा गरजले. "ज्याच्या मनात पाप नाही त्याला कढईतही गंगाच भेटते!"

आणि त्यांनी कोपरापर्यंत हात तेलात घातला, सावकाश फिरवला आणि तळाशी टाकलेली अंगठी वर काढली. हाताला फोड नाही की डाग नाही. बायकांनी कानशिलावर बोटं मोडली, पुरुषांनी जयजयकार केला. बुवा कुठून आले हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळे त्यांचं वजन उलट वाढलंच होतं.

"आता ठमीची पाळी!" बुवा म्हणाले. "आई किती दयाळू, बघा! माझं तेल उसळतंय आणि तिचं शांत ठेवलंय!"

ठमी ही वरच्या वाडीची ठाकरीण. ती मोळ्या आणायची आणि देवळाचं आंगण झाडायची. देवीचे चांदीचे डोळे नाहीसे झाले, तेव्हा पुजाऱ्यानं सरळ तिच्याकडे बोट दाखवलं. गप्प कढईतून तिनं अंगठी काढायची, हात भाजला तर ती चोर, असा बुवांचा निवाडा होता.

मी कर्जतच्या शाळेत इतिहास शिकवायचो आणि माझा अख्खा वर्ग घेऊन त्या गर्दीत उभा होतो. आमचं तिथे काय काम, ते आधी सांगतो.

क्रमिक पुस्तकात सगळे इंग्लंडचे राजे. मुलं जांभया द्यायची, आणि खरं सांगायचं तर मीही द्यायचो. म्हणून मी ठरवलं की प्रत्येकानं जगाच्या इतिहासातला एक प्रश्न निवडायचा, स्वतः धुंडाळायचा आणि वर्गापुढे मांडायचा. हेडमास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मी पाहिलं न पाहिलंसं केलं. मालोजी हा कळंबच्या पाटलांचा पुतण्या आणि भागू ही रेल्वेतल्या फिटरची लेक आणि वर्गातली एकुलती एक मुलगी. या दोघांनी मिळून प्रश्न घेतला: खरं-खोटं ठरवायला देशोदेशी काय करत? भागूच्या वडिलांनी मुंबईहून पुस्तकं आणून दिली.

दोघांनी वर्गाला सांगितलं की आपल्याकडे तापल्या तेलातून धातूचा तुकडा काढायला लावत, त्याला दिव्य म्हणत. युरोपात पुजाऱ्यासमोर तापलं लोखंड हातात देत.

"पण सर," भागू म्हणाली, "एका देशातल्या जुन्या नोंदींत निम्म्याहून जास्त माणसं सुटलेली दिसतात. इतके हात वाचले कसे? आणि पुढे रोमच्या धर्मपीठानं पुजाऱ्यांना यातून अंग काढून घ्यायला सांगितलं, तशी ती चालच हळूहळू बंद पडली. मग न्याय देव करत होता की पुजारी?"

मालोजी खाली मान घालून उभा राहिला. "सर, आमच्या गावात मंगळवारी हेच हाय," तो म्हणाला.

त्या घटकेपासून माझं कशात लक्ष लागेना. मी पाटलांकडे गेलो. ते आमच्या शाळा कमिटीवर होते. "मास्तर," ते म्हणाले, "इतिहास पोरांना शिकवा, गावाला नको." मुलं ठमीला सावध करायला वाडीवर गेली, तर ती हसली. "मी घेतलं नाय," ती म्हणाली. "मंग माजा हात कशाला जळंल?"

ती खोटी असती तर रातोरात पळाली असती. खरी होती म्हणूनच ती हात घालणार होती.

बुवांनी रविवारी नमुना करून दाखवला होता, तो मालोजीनं पाहिला होता. भागूनं त्याला खोदून खोदून विचारलं, मग दोघं शाळेमागे चूल मांडून बसली. मी डोकावलो तर भागू म्हणाली, "सर, शोध आमचा आहे ना? मग थांबा."

तर आता ठमी पुढे झाली. तिनं बांगड्या कोपराकडे सरकवल्या. तेवढ्यात भागू गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीखालून आत घुसली.

"बायांनो, जरा इकडं बघा!" ती ओरडली. तिनं पिशवीतून कच्चा पापड काढला आणि बुवांच्या फेसाळत्या कढईत सोडला. पापड भिजला, मऊ पडला आणि लोळागोळा होऊन बुडाला. दुसरा पापड तिनं गप्प कढईत सोडला. तो चर्र करून फुलला, लाल झाला आणि डोळ्यांदेखत काळा पडला.

सणासुदीला सगळ्या गावाचं तळण करणारी मोतीबाई पुढेच होती. "अगं बया!" ती किंचाळली. "फेसाळतंय ते कोमट, आन् गप हाय ते कडकडीत! नुसतं तेल कवा फेसाळतं का गं? भजं सोडल्याबिगर?"

इतक्या बायका जन्मभर तळण करत आल्या होत्या. तेल देवाचं म्हटल्यावर एकीलाही ते आठवलं नव्हतं.

मालोजीनं बुवांच्या ताटातला अंगारा तळहातावर घेतला आणि वर लिंबू पिळलं. हातावर थंडगार फेस उसळला. "हा पापडखार हाय," तो म्हणाला. "बुवा आधी अंगारा टाकतात, मग लिंबं पिळतात. खाली नावापुरता जाळ. ठमीच्या कढईत लिंबू नाय, खार नाय, नुसता जाळ!"

"देवीचा कोप होईल!" बुवा ओरडले.

"तुमी खरे हाय ना, बुवा? मग या दुसऱ्या कढईत घाला हात," मालोजी म्हणाला.

बुवांनी कढईकडे पाहिलं, पाटलांकडे पाहिलं आणि झोळी उचलून गर्दीतून वाट काढली. "चुली इजवा रं," पाटील पुतण्याकडे न बघता म्हणाले.

मला वाटलं ठमी आता हसेल. पण ती खाली बसली आणि रागानं रडायला लागली. "मंग मी खरी हाय ते आता कोन सांगनार?"

भागू तिच्यापाशी बसली. "मावशी, तुम्ही काहीच सिद्ध करायचं नाही. चोरी केली म्हणणाऱ्यानं ती सिद्ध करायची." पुजारी गाभाऱ्यात निघून गेला.

देवीचे डोळे कुणी नेले हे मला आजही ठाऊक नाही. वाचकहो, "ठाऊक नाही" एवढं म्हणवत नाही म्हणून माणसांनी देशोदेशी एकमेकांचे हात भाजले आहेत. ठाऊक नसेल तर शोधा, विचारा, चूल मांडून करून बघा. आणि उत्तर सापडत नाही तोवर गरिबाचा हात कढईत घालू नका.