खांदा

पामफिल मंगळवारी सकाळी गोठ्यात गाईपुढेच कोसळला, तो गेलाच. झम्फिराने नवऱ्याला एकटीनेच ओढत घरात आणलं, अंघोळ घातली, लग्नातला काळा कोट चढवला. मग स्पेनमध्ये स्ट्रॉबेरीच्या मळ्यावर राबणाऱ्या मुलाला, सिल्व्हिऊला, फोन लावला. तो खूप रडला. शनिवारपर्यंत थांब, मी येतोच, म्हणाला.

तिसऱ्या दिवशी माती द्यायची रीत. तरी ती थांबली. चूल विझवली, खिडक्या सताड उघडल्या आणि फेब्रुवारीच्या त्या गारठ्यात अंगावर दोन स्वेटर चढवून मढ्याशेजारी बसून राहिली. शनिवारी सकाळी सिल्व्हिऊचा फोन आला. मालक सोडत नव्हता.

दफनभूमी टेकडीवर. सरपंचाने ट्रॅक्टर पाठवला, पण चढावर बर्फाची काच झालेली. चाकं फिरली आणि ट्रॅक्टर मागे घसरून चरात रुतला. शवपेटी रस्त्यावर उतरवावी लागली. गावात धडधाकट पुरुष उरलाच नव्हता, सगळे परदेशात. म्हाताऱ्या इलारिओनने दोन दिवस पहारीने गोठलेली जमीन फोडून खड्डा खणला होता, त्याला आता धड उभंही राहवत नव्हतं. पाद्रीबाबा म्हणाले, सोमवारी बघू.

"सोमवारी काय आभाळातून माणसं पडणार आहेत?" रुक्सांद्रा म्हणाली. बांधावरच्या आलुबुखाराच्या झाडांच्या भांडणावरून ही शेजारीण अकरा वर्षं पामफिलशी बोलली नव्हती. "बायांनो, लावा खांदा."

पुढे झम्फिरा आणि रुक्सांद्रा, मागे वार्वारा आणि तिची बहीण पारास्किवा. चौघींतली सर्वांत तरुण एकसष्टची. पाद्रीबाबा प्रार्थना म्हणत पुढे चालले; बायांनी खांदा द्यायची रीत नव्हती, पण त्यांनी अडवलं नाही. निम्म्या चढावर पारास्किवाचा पाय सटकला. पेटी निसटली, वीसेक हात खाली घसरत जाऊन विजेच्या खांबावर आदळली आणि झाकण उघडलं. पामफिल कुशीवर कलंडला होता, मिशांत बर्फ.

 झम्फिरा त्याला सरळ करू लागली, पण बर्फावर तिचाच पाय ठरेना. तेव्हा रुक्सांद्रा गुडघ्यांवर बसली, डोक्याचा रुमाल सोडून तिने त्याचा चेहरा पुसला, कोट नीट केला.

"जडच आहे मेला," ती पुटपुटली आणि रडू लागली.

चौघींनी पुन्हा उचललं. दर वीस पावलांना टेकवत, दुपार कलताना वर पोचल्या.

परतल्यावर मयताच्या उकडलेल्या गोड गव्हाचे दोन घास कसेबसे गिळले तोच सिल्व्हिऊचा फोन आला. सगळं नीट झालं ना, बाबांना खांदा कुणी दिला, त्याने विचारलं.

झम्फिराचा उजवा हात खांद्यापासून वर होत नव्हता. समोर रुक्सांद्रा सोललेल्या तळव्यांना चरबी चोळत बसली होती.

"सरपंचाने माणसं दिली होती," झम्फिरा म्हणाली. "चांगली दणकट होती. तू जेवलास का?"