वगळलेले एक्केचाळीस

समितीच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं. फटीतून बाहेरच्या बाकावर आई दिसत होती, आणि तिच्या मांडीवर माझी सात महिन्यांची ठमी. सकाळपासून तिचं अंग कोमट लागत होतं. ती खोकली की माझं वाक्य तुटायचं.

"शेवटची मुदतवाढ आहे," आत जाण्यापूर्वी मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, बजावलं होतं. "आज आढाव्याचं प्रकरण मंजूर झालं नाही तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द. विचारतील तेवढंच बोल."

"पण ते एक्केचाळीस..."

"पुन्हा तेच तुणतुणं!"

माझा विषय बाळंतपणानंतर गिरणीत कामावर परतणाऱ्या बायका. आधी कोणी काय लिहिलंय याचा आढावा घ्यायचा, तर त्याची ठरलेली चाळणी असते, परदेशात आखलेली. शोधशब्द इंग्रजी, लेख त्यांच्या यादीतल्या नियतकालिकांतले. वरून नऊशे टाकले, खाली अडुसष्ट उरले. आमच्या ग्रंथालयाच्या सूचीतलं जे आपल्या भाषेत होतं, ते मी न उघडताच बाजूला सारलं आणि तक्त्याच्या चौकोनात लिहिलं: 'वगळलेले, भाषा: ४१.' तेव्हा ठमी पोटात होती, उलट्या थांबत नव्हत्या. एका खुणेत काम हलकं झालं, बरंच वाटलं.

मागच्या आठवड्यात ग्रंथपालांनी बोलावलं. "ताई, याचा कुणी संदर्भच देत नाही, म्हणून हे रद्दीत निघालंय. नजर टाकायची तर टाका."

त्या गठ्ठ्यात सव्वीस वर्षांपूर्वीचा एक चक्रमुद्रित अहवाल होता. माझ्या अडुसष्ट लेखांत बायका यंत्र सोडून जातात त्याला 'उत्पादनातली घट' म्हटलंय. या अहवालात तेविसाव्या पानावर एक बाई सांगते: पाळीत चार वेळा पाणी प्यायला जाते असं सांगायची, आणि फाटकापाशी सासू बाळ घेऊन उभी असायची. मुखपृष्ठावर मॅडमचं नाव होतं.

"'या बायकांच्या स्वतःच्या अनुभवांवर आजवर अभ्यास झालेला नाही,'" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझं वाक्य मोठ्याने वाचलं. "नक्की?"

बाहेर ठमी रडायला लागली. माझ्या छातीत कळ आली, कुर्त्याचा पुढचा भाग ओला झाला. मी फाइल छातीशी धरली. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. नुसतं हो म्हटलं असतं तर दोन मिनिटांत बाहेर पडले असते.

"नाही, सर. झालेला आहे. मीच वगळला."

लंगोटांच्या पिशवीतून अहवाल काढून मी टेबलावर ठेवला. सरांनी मुखपृष्ठ वाचलं, मग मॅडमकडे पाहिलं.

"तो अभ्यास नव्हे," मॅडम म्हणाल्या. "तरुणपणीचा उद्योग. नमुना नाही, आकडे नाहीत. गिरणीबाहेर बसून ऐकलं आणि उतरवलं. मी स्वतः तो कुठे दाखवत नाही."

"आकड्यांच्या अडुसष्ट लेखांत त्या बायका यंत्र सोडून कुठे जातात ते कळत नाही, मॅडम. यात कळतं."

सर बराच वेळ पानं चाळत राहिले. "आज मंजुरी नाही. दोन महिन्यांत नव्याने शोध घ्या, आणि पहिली चाळणी कुठे चुकली ते प्रकरणातच लिहा. पण तोवर नोंदणी टिकायची तर गाइडनी जबाबदारी घ्यायला हवी. सही करता?"

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. ठमी आता टाहो फोडत होती.

"आधी जाऊन तिला पाज," त्या मान वर न करता म्हणाल्या.

मी बाकाकडे धावले. "परीक्षा तुझी, घाम मला," आई पुटपुटली. "झालीस का पास?"

"माहीत नाही गं."

ठमी कपाळाला गार लागली. शांत होऊन ती प्यायला लागली तेव्हा मॅडम बाहेर आल्या. सही केलेला कागद त्यांनी माझ्या पिशवीत सरकवला. अहवाल मात्र हातातच होता, तेविसाव्या पानात बोट घालून.

"ही बाई अजून आहे. गिरणीमागेच राहते. तिला विचारल्याशिवाय तिचं एक वाक्यही वापरायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी तेव्हा विचारलं नव्हतं."