टेकडीवरच्या गवताची वही

मित्रांनो, मी एक जुनी, जाड पुठ्ठ्याची वही आहे. आज मी फार खुशीत आहे, कारण खोटेपणाच्या आरोपातून नुकतीच सुटले आहे.

सत्तावन्न वर्षांपूर्वी शिलाई होऊन मी एका सर्वेक्षकांच्या झोळीत पडले. टेकडीवरच्या गवताची नोंद ठेवणे हे त्यांचे काम. लोक गमतीने त्यांना 'गवतमास्तर' म्हणत. टेकडीच्या पायथ्याशी हद्दीचा एक दगड होता. तेथून होकायंत्र धरून ते सरळ पूर्वेला निघत, मनात पावले मोजत. ठरल्या जागी चार लोखंडी खुंट्या ठोकून दोरी बांधत आणि त्या चौकोनातले गवत माझ्या पानावर उतरवत. 'चौकोन सात. दगडापासून पूर्वेस ३१२ पावले. कुसळी गुडघाभर. लव्हाळा नाही.' कपाळाचा घाम माझ्यावर टपके, पण अक्षर कधी बिघडले नाही. त्यांचे वरिष्ठ म्हणत, "वही असावी तर अशी!" मग मी दिवसभर फुगून बसे.

मास्तर निवृत्त झाले आणि माझे दिवस फिरले. कार्यालयाच्या कपाटात, पंख्याच्या मोडक्या पात्याखाली, मी पस्तीस वर्षे काढली. कडांना कसर लागली. कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

यंदा एक संशोधक मुलगी आली. टेकडीवरचे कोणते गवत नाहीसे झाले आणि कोणते नवे आले, हे तिला शोधायचे होते. इतकी जुनी नोंद फक्त माझ्याजवळ होती. तिने माझे पान न् पान संगणकात भरले, गवतांची जुनी नावे आजच्या नावांशी जुळवली आणि चौकोन नकाशावर मांडले. तिथेच माशी शिंकली. चौकोन सात उघड्या कातळावर पडला आणि अकरावा थेट जुन्या गाडीरस्त्याच्या मधोमध!

तिचे सर हसले. "कातळावर गुडघाभर कुसळी? अगं, या माणसाने घरी बसून लिहिलंय हे सगळं. ही वही बाद कर."

वहीला रडता येत नाही तेच बरे, नाहीतर सगळी शाई पसरली असती. मी बाद झाले असते तर एक वेळ चालले असते, पण माझ्या मास्तरांना खोटे म्हटलेले मला सोसवेना.

मुलगी मात्र चिवट होती. मला पिशवीत घालून ती मास्तरांच्या लेकीकडे गेली. लेक आता सत्तरीची, निवृत्त परिचारिका. आणखी कागद काही सापडले नाहीत. आरोप ऐकून त्या चहाची कपबशी तशीच ठेवून उठल्या.

"माझे बाबा कमी बोलायचे, पण थाप कधी मारली नाही त्यांनी," त्या म्हणाल्या. "चल, थांब्यापर्यंत सोडते तुला. लांब नाही, ऐंशी पावलं."

मुलगी खट्टू होऊन चालू लागली. पण नकाशाचे भूत डोक्यात होते, म्हणून नकळत मोजतही होती. थांब्यापाशी ती थबकली.

"मावशी, एकशे अठ्ठावन्न झाली."

"दोन्ही पाय मोजलेस होय? अगं, उजवा पाय पडला की एक! बाबांनी आम्हा भावंडांना असंच शिकवलं. दोन्ही मोजले तर चढावर गोंधळ होतो म्हणायचे."

"म्हणजे वहीतली ३१२ पावलं आपली सहाशे चोवीस!" मुलगी ओरडली. मग तिने लेकीला अशी काही मिठी मारली की पिशवीत माझा पुठ्ठा वाकला!

दुसऱ्याच दिवशी मला घेऊन त्या दोघी जणी आणि सर टेकडीवर गेले. अंतर दुप्पट धरून चालताच कातळ मागे राहिला, रस्ता मागे राहिला. पुढे गवताळ उतारावर मुलीने गुडघे टेकून माती उकरली. बोटांना गंजलेली खुंटी लागली. सरांनी चष्मा काढून पुसला. "चुकलो मी. माफ करा, ताई," ते लेकीला म्हणाले. लेक खाली बसली आणि तिने त्या खुंटीवर हात ठेवला. मला इतके हलके वाटले, की वाऱ्याने माझी पाने आपोआप फडफडली!

चौकोन सातमध्ये आज कुसळी नाही, लव्हाळा आहे. हे आता माझ्यामुळे जगाला सांगता येते.

मित्रांनो, तुम्हीही झाडे मोजाल, पाऊस मोजाल. आकड्यांबरोबर ते कसे मोजलेत हेही पहिल्याच पानावर लिहा. 'हे काय सांगायचे, सगळ्यांना माहीतच आहे' असे वाटेल, तरी लिहाच. माझ्या मास्तरांनाही तसेच वाटले होते, आणि एवढा खरा माणूस खोटा ठरता ठरता वाचला.