उताऱ्याची तलंग

सूर्यभाननं डांगर विकलं, बाजरीचं गाठोडं विकलं, पपया विकल्या, आणि मग खाली वाकून टेबलाखालची काळी तलंग कोंबडी पायांना धरून वर उचलली.

"आता ही बगा. अस्सल गावरान. महिन्याभरात अंड्यावर येतीया. बोला, कोन घेतंय?"

हंगामाच्या सणाची उपासना नुकतीच संपली होती. रानातलं पहिलं पीक देवापुढं आणून ठेवायचं आणि मग तेच आपसात लिलाव करून विकत घ्यायचं, हा त्या वाडीतल्या चर्चचा पणजोबांपासूनचा रिवाज. वर्षभर दानाची थैली पुढं आली की खिसे चाचपणारे लोक त्या दिवशी शेजाऱ्याच्या नाकावर टिच्चून भोपळा चौपट भावानं नेत. एस्तेरबाईला दर साली त्याचं हसू यायचं. चर्चच्या किल्ल्या तिच्याकडं, झाडलोट तिच्याकडं, घंटाही तिच्याकडंच. नवरा गेल्यापासून चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत ती एकटी राही, आणि मंडळीतला एकेक माणूस तिनं गुडघ्यावर टेकलेला आणि पाठमोरा, दोन्ही अंगांनी पाहिलेला होता. तिच्या मनातून उतरायचं असं फारसं कुणी राहिलं नव्हतं.

करणनं पहिला आकडा बोलून टाकला. तेवढ्यात मागच्या दाराशी बसलेली बायडाबाई उठून उभी राहिली.

बायडाबाई काही या मंडळीतली नव्हती. वाडीच्या खालच्या अंगाला तिचं थोडं कोरडवाहू रान. दरवर्षी दिवाळी झाली की ती आणि तिचा पोरगा अमृत ऊसतोडीला जात. यंदा टोळीच्या गाड्या त्यांना न घेताच गेल्या होत्या.

"आदी सांगून टाकते बाबा, मागनं बोल नगं," ती म्हणाली. "ती अमृतवरनं उतरवल्याली हाय."

सूर्यभानचा हात वरच राहिला. तलंग उलटी लोंबकळत मान वाकडी करून सगळ्यांकडं बघत होती.

"समदं दुखनं हाय तिच्यात. देवरुषी म्हन्ला, आवसंला तिकटीवर सोडून ये, मागं बगू नगं. म्या न्हाई सोडली. तिकटीवरनं कुनाचंबी लेकरू साळंला जातं. मंग मला पाळकसायबांचं ध्यानात आलं. ते म्हन्ले हुते, काय वझं असंल ते हितं आनून टाका, येसू घेतो." तिनं पदर सावरला. "म्हनून हितं आनली."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तासाभरापूर्वी याच माणसानं अंधश्रद्धेवर असा उपदेश झोडला होता, की लिंबू, मिरची, बिब्बा, काळी बाहुली, कशाला म्हणून शिल्लक ठेवलं नव्हतं. मंडळीनं माना डोलावल्या होत्या. 'आपण नाही बाई त्यातले' असं प्रत्येकाच्या तोंडावर तूप लावल्यासारखं चकाकत होतं.

"करण, तू बोललास ना?" सूर्यभाननं विचारलं.

"मी? मी पपईचं म्हनत हुतो."

"पपई गेली की मघाशी."

"मंग ऱ्हाऊ दे."

पुढच्या रांगेतल्या राजनंदिनीनं आपल्या लेकराला हळूच मागं ओढलं. सूर्यभाननं तलंग टेबलावर ठेवली आणि हात पँटीला पुसले. एकदा पुढून, एकदा मागून. एस्तेरबाईनं ते पाहिलं आणि तिच्या ओठांना मुरड पडली. चार पिढ्यांची ख्रिस्ती माणसं! बापजाद्यांची नावं दाविद, शलमोन, आणि काळीज सशाचं. त्या देवरुषी सहादेवबुवाला तिनं आयुष्यभर तोंडावर भोंदू म्हटलं होतं. पण त्याला निदान आपली कोंबडी हातात धरायची लाज वाटत नव्हती.

दाराबाहेर पायरीवर अमृत बसला होता. हात गुडघ्यांत घातलेले, नजर जमिनीत. मागल्या हंगामात श्रीगोंद्याकडं गाडी भरताना वर रचलेला ऊस घसरला आणि त्याचा जोडीदार ज्ञानेश्वर खाली सापडून मेला. वर रचणारा अमृत होता. तेव्हापासून त्यानं अंथरूण धरलेलं. आईलासुद्धा जवळ येऊ देत नसे. माझ्याजवळ येतो त्याचं वाईट होतं, एवढंच म्हणे. बायडाबाई ताट जमिनीवरून लांबून सरकवी. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या. गोळ्यांनी तो झोपे आणि झोपेत ऊस घसरे. मग बुवा झाला. आज कित्येक महिन्यांनी त्याला उन्हात आणलं होतं, ते आपलं दुखणं कुणी उचलतंय का हे त्याला दिसावं म्हणून.

कुणी उचलत नव्हतं. एस्तेरबाई वाट बघत होती, की आता कुणाला तरी शरम वाटेल. मग तिचं लक्ष आपल्या स्वतःच्या हाताकडं गेलं. तो पदराआड होता, आणि पदर तिनं घट्ट धरून ठेवला होता.

बाहेर अमृत उठला. आपल्याला हे ठाऊकच होतं अशा थाटानं त्यानं मान हलवली आणि चपला शोधू लागला.

"आन हिकडं ती," एस्तेरबाई म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "काय आकडा लावायचा तो लाव माज्या नावावर."

"एस्तेरबाई, एक मिनिट," पाळकसाहेब पुढं आले. "मी आधी तिच्यावर प्रार्थना करतो, मग न्या."

"कोंबडीवर? का आता तुमीबी उतरवनार?"

मंडळीत कुणीतरी खोकलं. एस्तेरबाईनं तलंग काखेत मारली आणि अमृतच्या अंगावरून, मुद्दाम अगदी अंगावरून, घराकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगण झाडत होती, तर रस्त्यापलीकडं अमृत उभा.

"मावशी, बऱ्या हाय ना?"

"मला काय धाड भरलीया?"

तो निघून गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग रोजच. रोज तेच विचारी, रोज तेच उत्तर घेई. आधी रस्त्यापलीकडून, मग कुंपणापासून, मग लिंबाच्या सावलीतून. तलंगेला मात्र बघत नसे. ती पायांत आली की पाय वर घेई. नळावर बायडाबाई भेटली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"काल आपल्या हातानं पानी घेऊन आंगूळ केली बगा त्यानं. म्हन्ला, मावशीकडं जायचंय."

"मंग त्यात रडायचं काय? वास जाईल तेवढाच," एस्तेरबाई म्हणाली आणि हंडा उचलून चालू लागली. वळल्यावर जरा थांबली.

एका संध्याकाळी राजनंदिनी बाटली घेऊन आली. नगरला मोठ्या सभेत मिळालेलं, मंत्रलेलं म्हणायचं नाही, प्रार्थना केलेलं तेल.

"चौकटीला लावा मावशी. आपली काळजी म्हनून आनलं."

"लिंबू म्हागलं म्हनून तेल काढलं व्हय ग आता?"

राजनंदिनी बाटली घेऊन तणतणत गेली. एस्तेरबाईनं दार लावून घेतलं. गुडघे टेकून ती स्वतःच्या बापाशी बोलावं तसं देवाशी बोलायची, तसंच त्या दिवशीही बोलली. मागितलं काही नाही. मंडळीच्या चहाड्या सांगितल्या.

शनिवारी दुपारपासून तिचं अंग मोडून आलं. वाडीत थंडीतापाची साथच होती. सूर्यभानचं घरच्या घर पांघरुणात होतं, शाळा निम्मी ओस. एस्तेरबाईला हे ठाऊक होतं. सुंठीचा काढा घेऊन ती कॉटवर पडली. कॉटखाली डालग्यात तलंग घशातल्या घशात बोलत होती, मग थांबली, मग पुन्हा बोलायला लागली. एस्तेरबाई उठली. डालगं पायानं ढकलत तिनं उंबऱ्याबाहेर नेलं.

"घान वास येतोय नुसता," ती मोठ्यानं म्हणाली. खोलीत ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

रविवारी उजाडलं तेव्हा ताप अंगभर होता. पहिली घंटा द्यायची वेळ जवळ आली होती, आणि त्याच्या आधी अमृत येणार होता. तिनं तोंडावर पाणी मारलं, चांगलं लुगडं नेसली, हात भिंतीला धरून केस बांधले. 'बापा,' ती म्हणाली, 'ताप ऱ्हाऊ दे. तेवढ्यापुरती मला उभी ठेव. त्या पोराम्होरं पाडू नगंस.' मग ती दार उघडून चौकटीला टेकून उभी राहिली. लांबून बघणाऱ्याला ती वाट बघत उभी आहे असं वाटलं असतं.

अमृत लिंबापर्यंत आला. आज त्यानं काही विचारलं नाही. तिच्याकडं बघितलं, मग उंबऱ्याबाहेरच्या डालग्याकडं बघितलं.

"ताप हाय तुमाला."

"हाय. निम्म्या वाडीला हाय. त्यांनी समद्यांनी काय तुझी कोंबडी घेतली व्हय?"

तो त्यावर विचार करत उभा राहिला. तिला वाटलं, जिंकलं. मग तो म्हणाला,

"मंग डालगं भाईर का ठिवलंय?"

एस्तेरबाईनं तोंड उघडलं. वास येतो, हे तिच्या जिभेवर तयार होतं. या पोरानं आठवडाभर रोज सकाळी तिच्या तोंडाकडं बघून आपला दिवस उचलला होता. चर्चच्या बाजूनं झाडू पडल्याचा आवाज आला, मांजर असेल. ती आस्ते आस्ते उंबऱ्यावर खाली बसली.

"भ्याले," ती म्हणाली.

"तुमी?"

"व्हय, मीच. काल सांजच्याला ताप चढला आन् मला वाटलं, हिच्यापायीच." तिनं कपाळ चौकटीला टेकवलं. लाकूड गार होतं. "समद्यांना हसत हुते. त्या सूर्यभाननं हात पुसले तर मला केवढं हसू आलं. आन् मी काय केलं? पायानं ढकलली तिला. हातबी लावला न्हाई."

तिला वाटलं, आता हा जाईल, आणि आता हा परत यायचा नाही. जाईल तर जाऊ दे, पण खोटं घेऊन नको जायला, असं काहीसं तिच्या तापल्या डोक्यात आलं.

चपलांचा आवाज जवळ आला. अमृत तिच्यासमोर उकिडवा बसला. मग दोन्ही हातांनी त्यानं डालगं उचललं. आतली तलंग फडफडली, पण त्याचे हात सुटले नाहीत. उंबऱ्यावर बसलेल्या तिच्या अंगाला अंग घासून तो आत गेला आणि डालगं कॉटखाली होतं तिथं ठेवलं.

"हितं ना?"

"जरा आत सरकव. पाय लागतो माजा."

त्यानं सरकवलं. तिच्या दंडाला धरून तिला कॉटवर निजवलं. जेमतेम धरलं, तापल्या भांड्याला धरावं तसं. माठातलं पाणी आणून दिलं. ती पाणी पीत असताना तो भिंतीवरच्या खिळ्याकडं बघत होता, तिथं चर्चच्या किल्ल्या टांगलेल्या होत्या.

"आज घंटा?"

"सूर्यभान अंथरुनात हाय. पाळक मिरजगावची उपासना उरकून येत्यात. मंडळी बसंल घरातच, त्यांना तेवढंच निमित्त." ती खोकली. "दोर हिसडा देऊन वढायचा न्हाई. सावकाश. तीन टोलं. मंग थांबायचं."

किल्ल्यांचा आवाज झाला. अंगणातून पावलं गेली. आधी चालत, मग पळत.

पहिला टोल पडला. दुसरा पडला. तिसरा पडला. मग चौथा, पाचवा. देवळात आरतीला वाजवतात तशी त्यानं घंटा धरली होती, थांबायचं नावच नाही. शेजारची कुत्री भुंकायला लागली. कुणीतरी "आग लागली का काय?" म्हणून ओरडलं. सूर्यभानच्या घराचं दार धाडकन उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ खालच्या अंगाला कुठंतरी बायडाबाईची हाक, "अमृत रं!" आणि घंटेत तीही बुडाली.

एस्तेरबाई पडल्या पडल्या त्याला शिव्या देत टोल मोजत होती. कॉटखाली तलंग तिच्या पद्धतीनं काहीतरी बोलली.

"गप," एस्तेरबाई म्हणाली, आणि मोजायचं सोडून दिलं.