लहरी खोकं

कार्यकारणभाव हा विश्वाचा पाया आहे. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे ग्रहताऱ्यांना लागू आहे, मुंगीला लागू आहे. लातुरात रेणुकादास सरांच्या मधल्या खोलीत जो संगणक होता, त्याला मात्र हे कुणी कळवलेलं नव्हतं.

तो सरांच्या मुलीनं, मालविकानं, स्वतः जोडला होता. सुटे भाग कुरियरनं मागवले, आईच्या चौरंगावर मांडले आणि एका दुपारी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली ती जोडूनच उठली. घरात त्याला खोकं म्हणत. त्यावर ती मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळायची. खोकं खुशीत असलं की गाडी घाटातून तुपावरून घसरल्यासारखी जायची. बिनसलं की तीच गाडी नायगाव रस्त्यावरच्या एसटीसारखी गचके खायची. काल छान, आज गचके, परवा पुन्हा छान. यंदा उन्हाळ्यात आभाळाचंही असंच चाललं होतं, पण आभाळ काही मालविकानं जोडलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला कुणी नावं ठेवत नव्हतं.

मालविका इंजिनिअरिंगची. तिनं शास्त्रशुद्ध तपास सुरू केला. प्रोसेसर तापत असेल म्हणून त्याला थंड ठेवणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली. खोकं सुधारलं. आठवड्यात पुन्हा गचके. मग रॅमच्या पट्ट्यांची जागा बदलली. सुधारलं, आणि पुन्हा बिनसलं. पंखे काढून, धूळ झाडून बसवले. तेच.

शेजारच्या शिवम्मांनी निदान केलं, "दिष्ट लागली गं. काचेतून आतले रंगीत दिवे दिसून राहिलेत. डोळा लागणार न्हाई तर काय?" त्यांनी खोकं अंगणात आणायला लावलं आणि मीठमोहऱ्या उतरवल्या. मालविकानं तोंड वाकडं करून ते आत नेलं, परत जोडलं. गाडी तुपावरून!

"आता?" आई इंदूबाई म्हणाल्या.

"योगायोग."

"तुझ्या पेस्टनं झालं की शास्त्र, अन् शिवम्मांच्या मिठानं झालं की योगायोग. हाव का?"

शिवम्मांनी तर गल्लीत संगणकांचा दवाखाना उघडायचंच बाकी ठेवलं. पुढच्या आठवड्यात गचके परत आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मीठ जुनं होतं."

बातमी नांदेडला यज्ञेशमामांपर्यंत गेली. मामा तिथल्या एका कॉलेजात संगणक विभागाचे प्रमुख. भाचीनं खोकं जोडताना आपल्याला विचारलं नाही, हे त्यांच्या मनातून गेलेलं नव्हतं.

"मालू, घरी जोडलेलं ते घरी जोडलेलंच," ते फोनवर म्हणाले. "रविवारी लॅपटॉप घेऊन येतो. खोकं माझ्या लॅबला दे. पोरं उघडून शिकतील."

"माझं खोकं काय बेडूक आहे, पोरांना फाडायला?"

"मग चालवून दाखव. माझ्यासमोर, एक शर्यत, एकही गचका न्हाई. दाखवलंस तर लॅपटॉप परत नेतो. न्हाई तर खोकं माझं."

"ठरलं. अन् दाखवलं तर 'घरी जोडलेलं' हा शब्द पुन्हा काढायचा न्हाई."

"ताई, बघ, कशी बोलून राहिली!" मामा स्पीकरवरून बहिणीला म्हणाले.

इंदूबाईंनी समजावलं, "अगं, मामा भल्याचंच सांगतोय. दे की."

"आई, ते मी जोडलंय. बिघडलंय तेही माझंच बिघडलंय. ते मी कुणाला देणार न्हाई."

शनिवारी तिनं खोकं पुन्हा उघडलं, पुसलं, जोडलं. गाडी सुतासारखी सरळ. मग खोक्यावर चिठ्ठी चिकटवली: 'हात लावू नये. शिवम्मांनीसुद्धा.'

रविवारी मामा लॅपटॉप घेऊन आले. आमरसाचं जेवण झालं. मामांनी आग्रहाच्या वाट्या संपवेपर्यंत आभाळ भरून आलं, दोनदा वाजलं आणि शांत झालं. सगळे मधल्या खोलीत आले. मालविकानं शर्यत लावली. पहिल्याच वळणावर गाडीनं गचका खाल्ला. मग दुसरा.

मामांनी लॅपटॉपच्या पुठ्ठ्याच्या डब्यावरची चिकटपट्टी सोलायला घेतली.

मालविका खोक्याला पाठ लावून उभी राहिली. "हे हलणार न्हाई."

"ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. मोडलं मी. काय करता?"

तेवढ्यात आभाळ पुन्हा वाजलं. आतून रेणुकादास सर आले, "सरक गं जरा," म्हणाले आणि खोक्यामागे हात घालून सगळ्या वायरी उपटल्या. पडदा काळा झाला.

"बाबा! काय करून राहिलात?"

"वीज पडल्यावर विचार. जन्मभर भूगोल शिकवलाय मी. आभाळ वाजलं की वायरी काढायच्या. टीव्हीच्या, फ्रीजच्या, ह्याच्या."

"दरवेळी काढता?"

"दरवेळी. तू कॉलेजात असतेस, नाही तर झोपलेली. आत्ता तुम्ही रस खात होता तेव्हाही काढल्या. अन् परत लावून ठेवतो. त्यात सांगायचं काय?"

नळ बंद केला हे जसं कुणी सांगत नाही, तसं हे.

"आता लावा," मालविका म्हणाली. "माझ्यासमोर."

"आभाळ थांबू दे."

अर्ध्या तासानं आभाळ थांबलं. मग सरांनी वायरी लावल्या. पडद्याची वायर त्यांनी वरच्या खाचेत बसवली.

"खाली का न्हाई लावली?"

"वर मोकळी असताना खाली वाकायचं कशाला? गुडघे कुठं राहिलेत आता? चित्र तर येतंय."

चित्र येत होतं. पण खेळाची ताकद ज्या ग्राफिक्स कार्डात होती, त्याची खाच खालची. वरची खाच निव्वळ टाइप करणाऱ्यांच्या सोयीची. मालविकानं दरवेळी खोकं उघडून परत जोडताना वायर खाली लावली होती आणि आभाळ वाजल्यावर सरांनी ती वर नेली होती. पेस्टनं काही झालं नव्हतं. मिठानंही नाही. मागे वाकून बघायचं मात्र ना इंजिनिअरिंगला सुचलं होतं, ना विभागप्रमुखांना.

तिनं वायर खाली लावली. मामांनी अख्खी शर्यत उभ्यानं बघितली, एकही गचका नाही.

"घरी जोड..." ते म्हणाले आणि थांबले. लॅपटॉपची सोललेली चिकटपट्टी त्यांनी अंगठ्यानं परत दाबून बसवली.

"वरची खाच चुकीची, तर दिलीच कशाला?" सर अजून ऐकायला तयार नव्हते. "आभाळ वाजलं की मी काढणार."

"काढा. लावू नका."

"काढलेलं लावायचं नाही, असं मी आयुष्यात केलेलं नाही."

वरच्या खाचेवर आता मालविकानं जखमेवरची पट्टी चिकटवलेली आहे.