निशिकांतची नेमकी वेळ

रांगेत उभं राहणं म्हणजे नापास होणं, असं माझ्या नवऱ्याला वाटतं. निशिकांत इथे परदेशात, तांजोंग पगार भागातल्या एका बँकेत आयटी मॅनेजर आहे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाऊगल्लीतसुद्धा तो सगळ्यांची जेवणं उरकल्यावर जातो आणि उरलासुरला गार भात विजयी चेहऱ्यानं खातो. हुशारीचं हे असलं प्रदर्शन मी लग्नापासून बघत आलेय.

त्या डिसेंबरात माझे बाबा नाशिकहून आले होते. शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला, फळ्यावर हिमनद्या काढल्या, पण बर्फ पाहिला तो फक्त रसवंतीतला. इथे एका मॉलसमोर उघड्यावर बर्फाची घसरगुंडी उभारली होती. ट्रकनं भुसभुशीत बर्फ आणून ओतायचे आणि लोक स्लेजवर बसून खाली यायचे. नातीला, आमच्या ऋचाला, पुढ्यात घेऊन एकदा घसरायचं, एवढंच बाबांनी मागितलं. त्यांनी माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं.

"आज संध्याकाळीच जाऊ," मी म्हणाले.

"संध्याकाळी झुंबड असते," निशिकांत म्हणाला. "ऑफ-पीक बघून जाऊ."

"मी उभा राहीन की रांगेत," बाबा म्हणाले. "त्यात काय एवढं?"

पण त्यांचं कोण ऐकतो? एक शनिवार गर्दीचा म्हणून गेला, एक पावसाचा म्हणून, मग नाताळ गेला. निशिकांत लॅपटॉपवर गर्दीचे आलेख काढत बसला. शेवटी निकाल लागला. बाबांच्या परतीच्या दिवशी जायचं, सकाळी, दारं उघडायच्या आधी. बर्फ ताजा आणि चिटपाखरू नाही.

इथवरही ठीक होतं. पण स्वतःची अक्कल पोटात ठेवणं या माणसाला जन्मात जमलेलं नाही. आदल्या दिवशी त्यानं तो आलेख इथल्या मराठी मंडळींच्या ईमेल ग्रुपवर पाठवून दिला.

पुंगोलच्या घरून आम्ही भल्या सकाळी पोहोचलो, तर रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेलेली. अर्धी रांग मराठीत बोलत होती. आमच्या शेजारची नीलिमा तर पोह्यांचा डबा उघडून बसली होती.

"निशिकांत, तुझ्या मेलमुळे कळलं हं," ती म्हणाली. तो चक्क खूश झाला.

"पापा, यू टोल्ड एव्हरीबडी, आह?" ऋचानं विचारलं. त्यानं ऐकलंच नाही.

आमचा नंबर येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं आणि घसरगुंडीवर नुसता राडा उरला. तिथल्या बाईनं साखळी लावली. नवा बर्फ आता संध्याकाळी येणार होता, आणि संध्याकाळी बाबांचं विमान होतं. बाबांनी वाकून खालच्या पाण्यात बोटं बुडवली.

"वितळतो," ते म्हणाले. "बरोबर शिकवलं होतं मी." आणि रुमालाला हात पुसले. मला निशिकांतचा इतका तिटकारा कधीच आला नव्हता.

चांगी विमानतळावर चेक-इनसमोर पुन्हा लांब रांग होती.

"बाबा, बसा जरा," निशिकांत म्हणाला. "गर्दी ओसरली की जाऊ. मी बघतो नेमकी वेळ."

बाबांनी त्याच्या हातातून ट्रॉली काढून घेतली.

"नको, निशिकांतराव. मी उभा राहतो."

ते रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. ऋचा धावत गेली आणि तिनं त्यांचा हात धरला. मीही जाऊन त्यांच्या मागे उभी राहिले. निशिकांत तिकडे खुर्चीवर एकटाच बसून राहिला, गर्दी ओसरायची वाट बघत.