एमलिनला खांदा

टेलो प्रॉसर वेल्सकडून रग्बी खेळायचा तेव्हा अख्खं खोरं त्याच्या नावाचा गजर करायचं. मग त्याचा भाऊ कोळशाच्या खाणीत अपघातात गेला, चार पोरं मागे ठेवून. त्यांचं पोट भरायला टेलो उत्तर इंग्लंडात जाऊन पगारावर खेळू लागला; इकडे रग्बी हौसेनं, फुकटच खेळायची असा नियम, म्हणून गावच्या क्लबानं त्याला जन्माचं वाळीत टाकलं. खून करून आला असता तर कदाचित चहा तरी पाजला असता. पण पैसे घेऊन रग्बी? छे!

परत येऊन त्याला वीसेक वर्षं झाली होती. क्लबाची पायरी बंदच. शनिवारचा सामना तो डोंगरावरून बघायचा, एकटा. एमलिन बेव्हन रस्त्यात भेटला तर मान हलवायचा, बस. हाच एमलिन एकेकाळी घोळक्यातून चेंडू काढून मागे न बघता त्याच्याकडे फेकायचा. "बघायचं कशाला? तू असणारच," म्हणायचा.

तो एमलिन वारला. खाणीची धूळ छातीत बसली होती.

गेलेल्या खेळाडूला त्याच्या जुन्या संघानं खांदा द्यायचा, आणि शवपेटीचा डोक्याकडचा उजवा कोपरा मैदानावरच्या जोडीदाराचा, ही तिथली रीत. टेलो काळा कोट घालून एमलिनच्या दारात उभा राहिला. क्लबाचा चिटणीस हेडन रीस आडवा आला.

"तू कशाला आलास बाबा?"

"खांदा द्यायला."

"वॅटकिन देतोय. तुझ्यानंतर तोच खेळला त्या जागेवर. नियम काही मी केला नाही, टेलो."

"नाही ना? तुझ्या तोंडी शोभतो मात्र झकास."

आतून एमलिनची बायको ऑल्वेन म्हणाली, "हेडन, आज तरी राहू दे की रे!"

"वहिनी, आज सोडलं तर उद्या कमिटीला काय सांगू?"

बायका घरीच थांबल्या. पुरुष भजन म्हणत निघाले. टेलो सगळ्यांच्या मागे होता. एवढा एकच कोपरा हवा होता त्याला, दुसरं काही मागितलं नव्हतं.

दफनभूमीचा चढ लागला. वॅटकिनला धाप लागली, छाती त्याचीही धुळीचीच. टेलोचे पाय आपसूक भरभर पडू लागले. माणसं बाजूला होत गेली. तो पेटीपाशी पोचतो न पोचतो तोच वॅटकिननं मागे न बघता खांदा काढून घेतला. पेटी क्षणभर कलली, आणि टेलोच्या खांद्यावर आली.

हेडननं तोंड उघडलं. भजन इतकं जोरात चाललं होतं की त्याचं त्यालाच ऐकू आलं नसेल.

माती लोटून झाल्यावर मंडळी क्लबात चहाला निघाली. क्लबाच्या फाटकाशी टेलोनं वॅटकिनला गाठलं.

"मी नसतो तर पेटी पडली असती, गाढवा."

"एमलिननंच सांगून ठेवलं होतं. चढावर सोड म्हणाला. मागे बघू नकोस, तो असणारच."

टेलोनं दफनभूमीच्या चढाकडे वळून पाहिलं.

"मग इतकी वर्षं माझ्याशी बोलला का नाही रे?"

वॅटकिननं टोपी हातात फिरवली. "क्लबाचा माणूस ना तो," म्हणाला, आणि आत गेला. दार लागलं.

टेलो डोंगराच्या वाटेला लागला. खांदा ठणकत होता. त्यानं तो चोळला नाही.